पलीकडचा दगड

“विटा कशाला आणता? मागं एवढे दगड पडलेत फुकटचे. तेच रचा आणि दार बुजवून टाका.”

हेडमास्तर गवंड्याला हे सांगत होता आणि मी चौथीच्या वर्गात, नवऱ्याचा फोटो पोटाशी धरून उभी होते. मोठा करून, काच लावून आणलेला फोटो. मला म्हणाला होता, “वहिनी, सरांचा फोटो शाळेत लावायचाय, या एकदा जागा बघायला.” मी खुळी, धुतलेली साडी नेसून गेले. जागा बघते तर काय, वर्गाचं मागचं दार!

“दारावर फोटो?” मी विचारलं.

“दार कसलं, वहिनी. इथं भिंत होणार. एका बाजूला खिडक्या, एका बाजूला फळा, एका बाजूला कपाटं. एवढीच मोकळी जागा आहे. शिवाय वरून आदेश आलाय. मुलांनी नदीवर जायचं नाही. एका दगडात दोन पक्षी.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण दोन महिन्यांपूर्वीच माणूस गेलेला, भांडायचं बळ नव्हतं. मी फोटो तसाच घेऊन घरी आले.

आता ते दार काय आहे हे सांगितल्याशिवाय तुम्हाला माझा राग कळायचा नाही.

आमचे हे या शाळेत आले त्याला तेहतीस वर्षं झाली. शाळेच्या मागं नदी आणि नदीला मोठा डोह. वर्षा-दोन वर्षांनी डोह एखादं पोर घ्यायचा. लोक चार दिवस रडायचे आणि पोरांना दटावायचे, नदीकडं फिरकलात तर तंगडी मोडीन. ह्यांच्या दुसऱ्या वर्षी तिसरी-चौथीतल्या दोघी सख्ख्या बहिणी गेल्या. एकीची चप्पल वाहून चालली म्हणून ती उतरली आणि तिला धरायला दुसरी. ह्यांनीच दोघींना बाहेर काढलं. तीन दिवस माणूस जेवला नाही.

मग म्हणाले, “पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात ना, ते साफ खोटं आहे. पडलं की बुडतं. उतरलं की पोहता येतं.”

वरच्यांना पत्र लिहिलं, पोरांना पोहायला शिकवू द्या. उत्तर आलं, मुलांना नदीपासून दूर ठेवावे. तर ह्या गृहस्थानं एका रविवारी पहार घेतली आणि चौथीच्या वर्गाची मागची भिंत फोडली. संध्याकाळपर्यंत माणूस जाईल एवढं भगदाड. पुढं त्याला चौकट बसवली. समोरच्या दारानं नदीला जायचं तर गावाला वळसा, आणि वाटेत प्रत्येक घरातून एक आई आडवी येणार. मागच्या दारानं तीस पावलांवर पाणी.

नोटीस आली. ह्यांनी ती नीट वाचली, दोन घड्या घातल्या आणि तिच्यात मासे पकडायचे गळ गुंडाळून ठेवले. “कागद चांगला जाड आहे,” म्हणाले.

तेव्हापासून नियम असा, की डोह पार केल्याशिवाय चौथीतून पोर सुटत नाही. पाठीला रिकामा डबा बांधून सुरुवात आणि शेवटी बिनडब्याचं. पलीकडच्या काठावरून एक दगड उचलायचा, कमरेच्या फडक्यात बांधून अलीकडं आणायचा, त्यावर खिळ्यानं आपली खूण कोरायची आणि मागच्या दाराशी ठेवायचा. कुणाचा मासा, कुणाचा चांद, कुणाची नुसतीच रेघ. तोच हेडमास्तरचा फुकटचा ढीग.

ह्या तीस-एकतीस वर्षांत डोहानं एक पोर घेतलं नाही. एकसुद्धा नाही!

गाव ह्यांना ओला मास्तर म्हणायचं. सदा विजारीचे पाय भिजलेले आणि खिशात काहीतरी वळवळणारं. एकदा धुवायच्या शर्टातून बेडूक निघाला, मी किंचाळले तर म्हणतात, “हळू गं, घाबरेल तो.” सुट्टीत डोंगर, नाहीतर रान. लग्नाच्या चौथ्या दिवशी मलाही डोंगरावर नेलं होतं. माझ्या टाचा फुटल्या, तर उतरताना पाठीवर घेऊन आले आणि वाटेभर पक्ष्यांची नावं सांगत होते. मी एकवीस दिवस तापानं पडले होते तेव्हा लेकीच्या वेण्या हेच घालायचे. रिबिनीला गळाची गाठ मारायचे. ती सुटायचीच नाही, रोज संध्याकाळी कात्रीनं कापावी लागे. शेजारणी हसायच्या. लेक मात्र ती गाठ मिरवत शाळेत जायची.

सगळ्या गावाला पोहायला शिकवलं, फक्त बायकोपुढं हात टेकले. “बाईसाहेब, गुडघाभर तरी उतरा,” तेहतीस वर्षं हेच. मी काठावर कपडे धुतले, पोरांचे टॉवेल सांभाळले, पण आत पाऊल टाकलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

तर असं ते दार.

दुसऱ्या दिवशी गवंडी घरी आला. ह्याला गाव दगड्या म्हणतं. नाव ह्यांनीच ठेवलेलं, कारण पाण्यात सोडला की हा दगडासारखा तळाला. त्याला चौथी पार करायला तीन वर्षं लागली.

“काकू, काम मी घेतलंय,” तो खाली बघून म्हणाला.

“घेतलंस? लाज नाही वाटली? तीन वर्षं तुझी हनुवटी धरून उभा होता तो माणूस पाण्यात!”

“काकू, मी नाही म्हटलं तर तो दुसरा आणेल. दुसरा सिमेंटात बांधेल.”

“आणि तू काय सोन्यात बांधणार आहेस?”

“मी मातीत बांधणार.”

“जा, ऊठ. तोंड नको दाखवू.” रागाच्या भरात त्यानं काय सांगितलं ते माझ्या डोक्यातच शिरलं नाही. तो चहासुद्धा न घेता गेला.

लेकीचं निराळंच. ती त्याच शाळेत चौथीला शिकवते. बापाचा वर्ग तिच्याकडंच आलेला. मी म्हटलं, “तू बोल ना काहीतरी.”

“बोलले, आई. तो म्हणतो, बदलीचं पत्र तयार आहे, फक्त सही राहिलीय. माझी दोन पोरं इथं शिकतायत. मी काय करू?”

“तुझा बाप असता तर पहार घेतली असती.”

“बाबांना घरी तू होतीस,” ती एवढंच म्हणाली. मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं. ह्यांच्या प्रत्येक पहारीच्या मागं मी डबा घेऊन उभी होते. लेकीच्या मागं मात्र नुसती ओरडत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळा गाव लोटला. वर्गात माणसं मावेनात, खिडक्यांतून डोकी. दाराच्या जागी भिंत उभी होती, पार वरपर्यंत, आणि तिच्यावर कापड टाकलेला फोटो. फोटो मी दिला होता. नाही कसा म्हणणार, माणूस माझाच होता. पण त्या भिंतीमुळं बाहेरचं पाणी दिसेना, तेव्हा ह्यांना पुन्हा एकदा कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं.

हेडमास्तर बोलायला उभा राहिला. हा माणूस आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकत आलेला. म्हणाला, “सर म्हणजे शिस्तीचा पुतळा. वर्गाची चौकट त्यांनी कधी ओलांडली नाही.”

मागून दूधवाला मोठ्यानं म्हणाला, “कोण? ओला मास्तर?”

हशा असा उसळला की पोरंसुद्धा लोळायला लागली. हेडमास्तरनं घाईघाईनं मला कापड काढायला बोलावलं.

मी कापड काढलं. फोटोही काढला आणि पहिल्या बाकावर ठेवला. मग भिंतीजवळ गेले आणि शोधायला लागले. खांद्याच्या उंचीवर सापडला. पांढरी शीर असलेला, वर वाकडा मासा कोरलेला. माझ्या लेकीचा दगड. धरून ओढला तर आला की हातात! आतली माती अजून ओली होती, बोटांना लागली. तेव्हा कुठं मला दगड्याचं बोलणं उमगलं. मी त्याच्याकडं पाहिलं तर तो खिडकीशी उभा राहून नखं बघत होता.

“वहिनी, काय करताय? सरकारी काम आहे हे!”

“काम सरकारी असेल. दगड माझ्या लेकीचा आहे,” मी म्हटलं. “नवव्या वर्षी डोह पार करून आणलाय तिनं. इथं ज्यानं ज्यानं पलीकडून दगड आणलाय, त्यानं सांगावं, तो दार बुजवायला आणला होता का?”

मग लेक उठली. सरळ माझ्याजवळ आली आणि शेजारचा दगड तिनं ओढला.

“मॅडम,” हेडमास्तर दात आवळून म्हणाला, “तुम्हाला नोकरी करायची आहे ना?”

“करायची आहे. चौथीचा वर्ग माझा आहे. आणि आज पोरांचा पोहायचा वार आहे.”

ह्यानंतर कोण आधी उठलं ते मला आठवत नाही. दूधवाला आला, “माझा चांद कुठाय?” करत. दवाखान्यातली नर्स आली. टपालवाला पिशवी खाली टाकून आला. आपला दगड सापडला की जो तो लहान पोरासारखा दुसऱ्याला दाखवायचा. कुणाला आपला सापडेना, त्यानं भावाचा काढला. दोन थर वरून आपसूक कोसळले. धूळ बसली तेव्हा पलीकडं डोह चमकत होता, आणि चौथीची पोरं डबे बांधून तयारच होती. ते डबे त्यांनी दप्तरात कधी आणून ठेवले होते, कुणास ठाऊक. लेकीनं साडीचा पदर खोचला आणि त्यांना घेऊन त्या भगदाडातून बाहेर पडली.

हेडमास्तर म्हणाला, “उद्या एखादं बुडलं तर जबाबदार कोण?”

“तुम्ही शिकवलं नाही तर तुम्ही,” नर्स म्हणाली.

लेकीला नोटीस आली. बदलीवर सही मात्र झाली नाही, कारण पत्र सहीला आलं तेव्हा सगळा गाव शाळेच्या ओट्यावर बसून होता. नोटीस तिनं नीट वाचली, दोन घड्या घातल्या आणि बापाच्या गळांचा डबा मागायला माझ्याकडं आली. तेव्हा मात्र मी पदर तोंडाला लावून रडले. दोन महिने कोंडलेलं सगळं रडले.

फोटो आता नदीकाठच्या झाडाला टांगलाय. हेडमास्तर परवा म्हणाला, “उन्हापावसात फिका पडेल, वहिनी.” म्हटलं, “पडू दे. चार भिंतींत तो माणूस कधी टिकला होता?”

दगड्यानं त्या सगळ्या दगडांच्या पायऱ्या बांधल्या, मागच्या दारापासून थेट पाण्यापर्यंत. ह्या वेळी सिमेंट घातलं, मजुरी घेतली नाही. मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली, तर तो ओशाळून म्हणाला, “चला, एक दाखवायचंय.” सगळ्यात वरच्या पायरीत त्यानं एक भोक ठेवलं होतं, दोन मुठींएवढं.

“इथला दगड कुठाय रे?”

“पलीकडे,” तो म्हणाला. “तुमचा आहे, काकू.”

वय वर्षं एकसष्ट. रोज सकाळी पाठीला डबा बांधते, लेक हनुवटी धरते आणि चौथीची कार्टी काठावर बसून खिदळतात. पहिल्या दिवशी दोन घोट पाणी नाकात गेलं तेव्हा मी ह्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. आता खुशाल हसा म्हणावं. भोक अजून रिकामं आहे, पण परवा मी निम्म्या डोहापर्यंत जाऊन आले.