तुळसाबाईचे शब्द आणि एक सीडी

"फॉरमॅट करा म्हणाला तो वणीचा कंप्युटरवाला. सगळं पुसलं जाईन, पण मशीन नव्यावानी चालीन म्हणे." डोमाजी गुरुजींनी संगणकाचं खोकं वाहिदच्या टेबलावर ठेवलं, पण दोन्ही हात काही त्यावरून काढले नाहीत. "मशीन चुलीत घाला, वाहिदभाई. मले आतलं पाह्यजे."

आत काय आहे ते वाहिदने विचारलं नाही. साऱ्या मुकुटबन गावाला ते ठाऊक होतं. गुरुजी कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, शाळेत मास्तर. पहिलीत येणाऱ्या लेकरांना मराठीचा गंध नसायचा. मास्तर 'पाणी' म्हणत आणि लेकरं त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. म्हणून गुरुजींनी पोडावरच्या तुळसाबाईच्या अंगणात बसून अकरा वर्षं कोलामी शब्द गोळा केले, प्रत्येकासमोर त्याची मराठी. चार हजारांच्या वर भरले. ते संगणकात उतरवून झाले आणि नंतर मूळ वह्या उधईने, म्हणजे वाळवीने, फस्त केल्या. तुळसाबाई गेल्या पोळ्याला वारली. गुरुजी या महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि नव्या शिक्षिकेच्या हाती द्यायला त्यांच्याजवळ एवढंच होतं, तेही या खोक्यात अडकलेलं.

वाहिद हा रेडिओ, टीव्ही आणि पंपाचे स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस. कापसाने सलग काही वर्षं दगा दिल्यापासून लोक बंद पडलेला टीव्ही बंदच ठेवत, त्यामुळे वेळ भरपूर होता. संगणकातलं आपल्याला अर्धवटच कळतं हे तो उघड कबूल करी. मेकॅनिक मंडळींत हा गुण फार दुर्मिळ. गुरुजींचा निरोप कालच आला, तेव्हा त्याने यवतमाळला शिकणाऱ्या आपल्या मुलीला, माहनूरला फोन केला होता. सकाळच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर तिचं पाकीट आलं. आत तीन चकत्या, एक पेनड्राइव्ह आणि चिठ्ठी: 'अब्बू, चारही लिनक्सच आहेत. त्या मशीनला जे चालेल ते लावा. इन्स्टॉल हा शब्द दिसला की हात मागे घ्या. तिथं चुकलात तर गुरुजींचं सगळं जाईल.'

"हे लिनक्स काय हाये?"

"तुमचं विंडोज बंद पडलं ना? हे त्याच्या जागी उभं राह्यते. फुकट भेटते म्हणे."

"फुकटाचं कायले घालता माझ्या मशीनमंदी?" गुरुजी कळवळून म्हणाले.

वाहिदने खोक्याला पडदा आणि कीबोर्ड जोडून आधी डीव्हीडी घातली. ड्राइव्हने दोनदा घुरघुर केली आणि गप्प झाला. तो जुना, फक्त सीडी वाचणारा. दुसरी चकती सुरू झाली खरी, पण पुढचं सगळं सामान तिला इंटरनेटवरून हवं होतं. मुकुटबनच्या फोनवर माणसाचा आवाज धड येत नसे, तिथे हे कुठून यायचं! पेनड्राइव्हकडे तर त्या म्हाताऱ्या यंत्राने ढुंकूनही पाहिलं नाही. दर वेळी गुरुजी मान पुढे करत आणि दर वेळी मागे टेकत. उरली एक सीडी.

ती आत गेली आणि पडद्यावर यादी उमटली. गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. पहिल्या ओळीत म्हटलं होतं, संगणकात काहीही न बदलता वापरून पाहा. दुसऱ्या ओळीत, इन्स्टॉल. वाहिदने सवयीने बाणाची कळ दाबली आणि उजळलेली पट्टी दुसऱ्या ओळीवर उतरली. बोट एंटरकडे निघालं.

"थांबा!" गुरुजींनी त्याचं मनगट धरलं.

वाहिदने हळूच पट्टी वर आणली, बिस्मिल्ला म्हटलं आणि एंटर दाबलं.

पाच मिनिटं चकती फिरत राहिली. मग पडदा उजळला, खिडक्या उघडल्या, बाण हलू लागला. वाहिदने खोक्याकडे पाहिलं आणि समोरच्या दिव्यावर बोट ठेवलं. "गुरुजी, हा दिवा पाहा. डिस्कचा लाल दिवा बंद हाये. हे सारं चकतीतून आन मेमरीतून चालून राह्यलं. तुमच्या घरात पाय न ठेवता उजेड केला यानं!"

"कोनं बनवलं असन हे?"

"माहनूर म्हणते, जगभरातल्या लोकाइनं. थोडं थोडं. ज्याले पाह्यजे त्यानं घ्यावं म्हणून."

गुरुजींनी फुकटाचा विषय पुन्हा काढला नाही.

वाहिदने डिस्कचं चित्र उघडलं. गुरुजींच्या फाइली जिथल्या तिथे होत्या. त्याने शब्दांची फाइल उघडली आणि त्याचा चेहरा पडला. पानभर नुसता इंग्रजी अक्षरांचा काला, ना शब्द ना अर्थ. "सडलं वाटते, गुरुजी," तो कसाबसा म्हणाला. "सगळंच सडलं."

गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली. पहिल्या ओळीवर नजर ठेवून त्यांनी दोन्ही हात कीबोर्डशेजारी टेबलावर टेकवले. मास्तरकी लागण्याआधी ते सहा वर्षं पंचायत समितीत टंकलेखक होते, आणि ही फाइल त्यांनी टाइपरायटरसारख्याच कळा असलेल्या मराठी फॉन्टात टंकली होती. तो फॉन्ट या पाहुण्या लिनक्सकडे नव्हता. म्हणून पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी, ती काढायला दाबलेल्या कळांचीच इंग्रजी अक्षरं उभी होती.

एफ, डी, एल. डाव्या हाताची तर्जनी टेबलावर टेकली, मग त्याच हाताचं मधलं बोट, मग उजव्या हाताची अनामिका.

"किस," गुरुजी म्हणाले. "विस्तव."

पुढची ओळ. बोटं पुन्हा चालली. "ईर. पाणी."

चाळीस वर्षांपूर्वी शिकलेली बोटं, आणि त्यांनी साऱ्या जगाला न दिसणारं वाचावं! वाहिदने घाईघाईने पेनड्राइव्ह लावला. सुरुवातीला कुचकामी ठरलेला तो आता लिनक्सने बिनतक्रार ओळखला आणि फाइली त्यात उतरू लागल्या. फॉन्ट माहनूर शोधून देईल, तो मनात म्हणाला. आता जाण्यासारखं काही राहिलं नाही.

गुरुजींचं तिकडे लक्षच नव्हतं. बोटं पडत होती, शब्द येत होते, आणि आवाज हळूहळू मास्तरांचा राहिला नाही. हेल बदलून पोडावरच्यासारखा झाला, शब्दाच्या शेवटाला श्वास सुटू लागला. एका शब्दावर ते अडले.

"हा सांगताना तुळसाबाई लय हासली होती," ते म्हणाले. "मले बोलताच येत नव्हता."

त्यांनी तो शब्द तीनदा म्हटला, तिसऱ्यांदा बरोबर, आणि पुढच्या ओळीवर गेले. वाहिदला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. शेजारी रिकामं स्टूल होतं, पण तो बसला नाही. हात बांधून तो उभ्यानेच ऐकत राहिला.