लिंबू गोड लागलं म्हणून

"गोड! अहो, खरंच गोड! संत्र्यासारखं गोड लागतंय!"

स्टेजवरची बाई लिंबू सालीसकट चावत होती आणि घळाघळा रडत होती. थोड्या वेळापूर्वी त्याच लिंबाची फोड तोंडात घालून तिने असा चेहरा केला होता की बघणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मग गुरूंनी तिच्या जिभेवर एक गोळी ठेवली, डोळे मिटायला लावले, घंटा वाजवली, आणि आता हे! सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि माझ्या बरगडीत कोपर मारलं. "बघितलंस? आता तरी विश्वास ठेव!"

बरगडी उजवीकडची होती. ऑपरेशनची बाजू. मी कळवळले, पण त्यांच्या भक्तीपुढे माझ्या बरगडीची काय कथा!

आणि स्टेजवरची ती बाई माझ्या चांगल्या ओळखीची होती. शिलाईताई म्हणायचो आम्ही तिला. केमोच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी फ्रॉकची किनार दुमडत बसलेली. माझा एक स्तन काढल्यावर कपड्यात घालायला कापसाची मऊ गादी तिनेच शिवून दिली होती. पहिली गादी इतकी ऐसपैस झाली की मी एका बाजूला कलल्यासारखी दिसायला लागले. आम्ही दोघी एवढ्या हसलो की नर्स ओरडली. अशी ही शहाणी बाई, आणि आज लिंबू चावत रडतेय!

गुरूंनी माइक उचलला. अंगात पांढरेशुभ्र कपडे, आवाज पाकात घोळलेला. लोक त्यांना गोडगुरू म्हणायचे.

"आंबट म्हणजे काय? रोग! गोड म्हणजे काय? आरोग्य! ही मधुरगोळी पेशीपेशीत शिरते, विषाचा हात धरते आणि म्हणते, चल बाहेर! या ताईंची जीभ साक्ष देतेय. रोग गेला! आता सांगा ताई, दवाखान्यातलं ते विष नसांत भरून घ्यायची गरज आहे का?"

"नाही!" सभागृह ओरडलं. शिलाईताईनेही मान हलवली.

मी गणिताची शिक्षिका. एवढी भोकं असलेली सिद्धता एखाद्या पोराने लिहिली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. अहो, धडधाकट माणसाला काय लिंबू गुळासारखं लागतं? पण विचारणार कुणाला? घंटा वाजत होती आणि स्वयंसेवक गोळ्या वाटत होते. "घरी न्या, सगळ्या कुटुंबाने घ्या. जेवणाआधी. चावायची नाही, गिळायची नाही, सगळ्या जिभेवर घोळवत विरघळवायची. हे चुकलं तर गुण येणार नाही!"

सासूबाईंनी मूठभर गोळ्या घेतल्या.

घरी आल्यावर मी पदर खोचला म्हणा, ओढणी खोचली म्हणा, स्वयंपाकाला लागले. केमोने माझी चव पार पळवली होती. काहीही खाल्लं तरी किल्ल्यांचा जुडगा चाटल्यासारखं लागायचं. पण स्वयंपाकघर मी सोडलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, तिथे गेलं की मी पेशंट नसायचे. मग घरात एक नियम निघाला: मी करायचं आणि रोज एकाने 'जीभ' व्हायचं. आज अहोंची जीभ, उद्या लेकीची. जीभ सांगेल तेवढंच मीठ. लेक जीभ असली की सगळं तिखट, अहो असले की सगळं 'छान आहे', कारण त्यांना लवकर जेवायचं असतं.

त्या दिवशी जीभ सासूबाईंची होती.

"आधी गोळ्या!" त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. अहोंनी निमूट घेतली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी वाद घालून आलेला माणूस आईशी काय वाद घालणार? लेकीने नाक मुरडत घेतली. मला मात्र तोंड आलेलं होतं आणि डॉक्टरबाईंची सक्त ताकीद होती, विचारल्याशिवाय काही खायचं नाही. मी गोळी रुमालात बांधली.

टोमॅटोचं सूप उकळत होतं. सासूबाईंनी चमचाभर चाखलं आणि भुवया उंचावल्या.

"अगं, साखर किती ओतलीस? सरबत झालंय!"

"आई, साखरेचा कणही नाही घातला."

"मग लिंबू पीळ."

मी पिळलं. त्यांनी चाखलं. "आणखी गोड झालं! पीळ अजून!"

मी पिळत राहिले, त्या चाखत राहिल्या आणि सूप त्यांना गोडच लागत गेलं. घरातली लिंबं संपली. शेवटी व्हिनेगरची बाटली निघाली. लेकीने बोट बुडवून चाटलं आणि किंचाळली, "आई! मधासारखं!" अहोंनी पिळलेल्या लिंबाची साल उचलून अशी चोखली, जशी काही आयुष्यात फळ बघितलं नव्हतं. मग तिघं जेवायला बसले आणि वाट्यांवर वाट्या रिचवल्या. असं सूप जन्मात झालं नाही म्हणाले. मी हुरळले, खोटं नाही सांगत. कित्येक दिवसांत माझ्या हाताचं कुणी असं ओरपलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी आमचा कुकर परत द्यायला आल्या. "बसा हो, सूप घ्या!" म्हणून सासूबाईंनी वाटी पुढे केली. वहिनींनी एक चमचा तोंडात घातला. त्यांचे डोळे मिटले, खांदे कानापर्यंत गेले, आणि त्या न बोलता थेट बेसिनकडे धावल्या.

"काय झालं?" सासूबाई चक्रावल्या.

"अहो, हे सूप आहे की ॲसिड?" बेसिनमधून आवाज आला.

आमची हसून पुरेवाट झाली. खरी गंमत पुढेच होती. आवराआवर होऊन बराच वेळ झाला तेव्हा अहोंना पुन्हा सुपाची हाव सुटली. त्यांनी मोठा घोट घेतला आणि तो सगळा टेबलावर उडवला. सासूबाईंनी चाखून बघितलं. त्यांचंही तोंड वेडंवाकडं झालं. त्या खुर्चीवर बसल्या आणि चमच्याकडे बघत राहिल्या.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "गोड लागलं तेव्हा रोग गेला, मग आता आंबट लागलं म्हणजे परत आला का? पण मला कुठे रोग होता?"

मी उठून त्यांचा मुकाच घेतला. शाळेत इतक्या वर्षांत मला असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

पुढच्या केमोला गेले तेव्हा रुमालातली गोळी डॉक्टरबाईंसमोर ठेवली आणि सुपाचा किस्सा सांगितला. त्या हसून हसून बेजार झाल्या.

"हे एका लाल फळाचं वाळवलेलं सत्त्व असणार. दूरच्या देशातल्या झुडपाचं फळ आहे. त्यातलं प्रथिन जिभेला चिकटून बसतं, आणि आंबट काही आलं की जिभेचं गोड ओळखणारं बटण दाबतं. लिंबू आंबटच राहतं, जीभ फसते. तासाभराने प्रथिन निघून जातं, की लिंबू पुन्हा आंबट! चव गेलेल्या काही पेशंटना अशाने दोन घास जातात, त्याचे छोटे अभ्यासही झालेत. फळाचा काही दोष नाही हो. पण याने गाठीचं काहीही वाकडं होत नाही."

मग त्यांचं हसू मावळलं. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "शिलाईताई आज आल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत. आता उपचार अर्धवट सोडणं फार महागात पडेल त्यांना."

माझा फोन तिने उचलला. "ताई, मी बरी झालेय. लिंबू मी स्वतः चाखलं ना! आणि खरं सांगू? त्या औषधाने माझी बोटं बधिर झालीत. सुई टोचली तरी कळत नाही, रक्त कापडावर दिसतं तेव्हा कळतं. शिवणं गेलं तर मी करू काय? गुरू म्हणाले, आता नको. मला तेवढंच ऐकायचं होतं."

मी गोळीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला सगळ्यात खोटच दिसते." आणि फोन ठेवला. मला राग आला, तिचा नाही, त्या पाकातल्या आवाजाचा. संताप संताप झाला.

पुढच्या सभेला आम्ही सहकुटुंब गेलो. पिशवीत आमची लिंबं. शिलाईताई पहिल्याच रांगेत, 'बरी झालेली' म्हणून मानाने बसवलेली.

सभा सुरू करताना गोडगुरू नेहमी स्वतः एक लिंबू हसत हसत खायचे. त्याआधी पडद्यामागे डोळे मिटून 'मौन' करायचे. कसलं मौन? तोंडात गोळी घोळत असताना माणूस बोलेल कसा! तेव्हा आम्हाला एकच करायचं होतं, त्या मौनाची मुदत संपू द्यायची. त्यासाठी आमच्याकडे सासूबाई होत्या.

गुरू पडद्याबाहेर आले, लिंबाकडे हात गेला, तोच सासूबाई स्टेजवर. "गुरुजी, आधी माझा अनुभव सांगू द्या!"

अनुभवाला नाही कसं म्हणणार? माइक मिळाला. आणि सासूबाई सुरू झाल्या. आधी डावा गुडघा. मग उजवा. मग डाव्या गुडघ्यावर उपाय सुचवणारी धाकटी जाऊ, तिचा स्वभाव, तिने लग्नात केलेला रुसवा. स्वयंसेवक माइक घ्यायला आला की त्या म्हणायच्या, "थांब रे बाळा, गुरुजींचंच सांगतेय!" लोक हसून लोळत होते. गुरू पाकातलं हसू धरून उभे होते, पण एकसारखे घड्याळ बघत होते. एकदा ते पडद्याकडे वळले. सासूबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "कुठे निघालात? तुमच्या कृपेचं तर आता येतंय!" आणि त्या मुतखड्याकडे वळल्या.

अखेर तास उलटला तशी मी उठले. पिशवीतलं लिंबू कापलं आणि गुरूंसमोर धरलं. "आज आमच्या घरचं घ्या."

"क्षणभर मौन करून येतो."

"मौन कशाला? तुमच्यात तर रोग नाही ना?"

सगळे बघत होते. त्यांनी फोड तोंडात घातली. हसायचा प्रयत्न केला, खरंच केला बिचाऱ्यांनी. एक डोळा मिटला, गाल आत गेले, मान लटपटली आणि फोड हातात आली.

"गुरुजींना पण रोग!" कुणीतरी मागून ओरडलं.

"या... या सभेतल्या शंकेखोर लहरींनी..." गुरू चाचरले.

"लहरी नाहीत, गोळी उतरली," मी माइकवर म्हटलं. मग सगळं सांगितलं: फळ, प्रथिन, जीभ, तास. अहोंनी स्टेजवर येऊन लिंबू चाखलं, तोंड वाकडं केलं, गोळी घोळवली आणि पुन्हा लिंबू मिटक्या मारत खाल्लं. म्हणाले, "माझ्या दुकानात गुलाबी काचेचा चष्मा घातला की भिंत गुलाबी दिसते. कुणी मला रंगाऱ्याचे पैसे नाही देत." मग ज्यांना हवं त्यांनी करून बघितलं. काही जण हसले, काही जण गुरूंच्या बाजूने आमच्यावर धावून आले. गुरू मात्र त्या गोंधळात मागच्या दाराने पसार झाले.

शिलाईताई जागेवरून हलली नव्हती. मी तिच्यापाशी गेले.

"म्हणजे माझा रोग गेला नाही?" तिने विचारलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल राग होता. असणारच. तिच्या हातातलं बरं होणं मी सगळ्यांसमोर काढून घेतलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "लिंबालाही माहीत नाही. ते तपासणीत कळेल. मी येते बरोबर."

मग ती माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिची बोटं तपासली आणि कपाळाला हात लावला. "बधिरपणाचं मला का नाही सांगितलंत? मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं!"

"मला वाटलं, तक्रार केली तर तुम्ही रागवाल."

त्यांनी औषध बदललं, आणि चुकलेल्या डोसाने किती नुकसान झालंय ते पुढच्या तपासणीत कळेल असं स्पष्ट सांगितलं. नर्स सुई घेऊन आली. शिलाईताईने बाही वर केली आणि माझ्याकडे वळली.

"ताई, मी अगदीच गाढव ठरले ना?"

"नाही हो. तुम्हाला जगायचं होतं. त्या माणसाने नेमकं तेच हेरलं."

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून सांगते. चमत्कार दिसला तर जरूर बघा, टाळ्याही वाजवा. मग तोच प्रयोग धडधाकट माणसावर करून बघा, आणि तासाभराने पुन्हा करून बघा. औषधाचा त्रास होत असेल तर डॉक्टरांशी भांडा, हवं तर दुसरा डॉक्टर गाठा. पण कुणी उपचारच सोडा म्हणाला, तर त्याला तोंडावर विचारा, मी मेले तर जबाबदार कोण? आणि त्याचं उत्तर येईपर्यंत पुढचं सलाईन चुकवू नका.