मोशीची भिंत

तपासणीसाठी मशिनने भिंतीतून कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा ओव्हाळसाहेबांनी हातात घेऊन अंगठ्याने दाबला. खडी सुटून त्यांच्या बुटावर पडली.

"अगं बया! ह्याच्यापरीस माजी भाकर कडक निगती," मागे उभ्या असलेल्या केसरबाई म्हणाल्या.

मोशीतल्या ओढ्याकाठची ही संरक्षक भिंत. तिच्या आडोशाला केसरबाईंसकट चाळीस घरं होती आणि पावसाळा आठवड्यावर आला होता. काम पूर्ण झाल्याचा दाखला ठेकेदाराला आजच हवा होता. शहर अभियंता बुद्धरत्न ओव्हाळ आज निवृत्त होणार होते. त्यांनी नामंजुरीचा आदेश काढला, तर भिंत पाडून पुन्हा बांधावी लागणार होती.

"पाडनार न्हवं, सायेब?"

"आजच लिहितो, मावशी."

तेवढ्यात सुजितचा फोन आला. उद्यापासून तोच त्यांच्या खुर्चीवर बसणार होता. "सर, सत्कार संध्याकाळऐवजी बारालाच घेतोय. पाहुण्यांना पुढे जायचंय. लगेच या ना."

ओव्हाळांचे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस मशिनवर कामगार होते. मुलगा चौतीस वर्षांपूर्वी कनिष्ठ अभियंता म्हणून लागला. काळेवाडीच्या गटारात गुडघाभर उतरून त्याने उतार मोजले. काँक्रीट नापास केलं म्हणून तीनदा त्याची उद्यान खात्यात बदली झाली. तिथे झाडं मोजत बसला, पण खोटी सही केली नाही.

सभागृहात शाल आली, नारळ आला. "सरांनी ठेकेदाराचा चहासुद्धा कधी घेतला नाही," सुजित माइकवर म्हणाला. पहिल्या रांगेतले ठेकेदारच सगळ्यात मोठ्याने हसले. मग फोटोच्या गर्दीत त्याने एक कागद पुढे केला. "चार्ज दिल्याचा आहे, सर. उरकून टाकू." शाल घसरत होती, डाव्या हातात नारळ होता. वेळेचा रकाना कोराच होता. आयुष्यभर स्वल्पविरामही तपासणाऱ्या माणसाने उजव्या हाताने सही ठोकली.

दोन वाजता आदेश लिहून ते आपल्या केबिनमध्ये शिरले, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या सुजितने तो वाचलाही नाही.

"सर, हा तुम्हाला काढता येणार नाही. चार्ज तुम्ही बारा दहाला दिलाय."

"वेळ तू टाकलीस."

"सही तुमची आहे."

"आणि भिंत?"

"रिपोर्ट मागवू ना. पावसाळा झाला की."

"कुणाचा रिपोर्ट रे? भिंतीचा की मेलेल्यांचा?" ओव्हाळांचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला. शिपाई दारात येऊन थबकला. "लेव्हल धरायला माझ्या हाताखाली शिकलास ना? लाज कुठं शिकायची राहिली?"

सुजितने टेबलावरचे कागद सारखे केले. "घरी सोडायला गाडी लावलीय, सर."

"ती मोशीला पाठव. माणसं उचलायला लागेल."

ते जिना उतरून खाली आले. बाकावर बसून त्यांनी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला आणि आवक विभागाच्या रांगेत पाचवे उभे राहिले. नंबर आला तशी खिडकीतली रुपाली ताडकन उठली.

"सर, तुम्ही रांगेत?"

"बसा. अर्ज घ्या."

तिने वाचलं. वर 'प्रति, शहर अभियंता' होतं. मध्ये 'विषय: मोशीची भिंत पाडून पुन्हा बांधण्याबाबत'. खाली 'बुद्धरत्न ओव्हाळ, रा. काळेवाडी'. हुद्दा नव्हता.

"सोबत काय जोडलंय?"

त्यांनी पिशवीतून काँक्रीटचा तुकडा काढून खिडकीत ठेवला. वाळू तिच्या रजिस्टरवर सांडली. रुपालीने ती झटकली नाही. शिक्का मारून तिने पोच दिली. ओव्हाळ ती तिथेच उभे राहून, ओळ न ओळ वाचू लागले.

"ओ काका, आटपा की राव," मागून कुणीतरी म्हणालं, "आम्हालापण कामं आहेत."

ते बाजूला सरकले आणि उरलेल्या ओळी वाचू लागले.