माझा मागचा ॲक्सल पालथा आहे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, असं म्हणते आणि लगेच अडखळते. जुनी म्हणजे किती, हे माझं मलाच सांगता येत नाही. माझे दातेरी गिअर एका मोडक्या ग्राइंडरचे. मोटर बॅटरीच्या स्क्रू-ड्रायव्हरची. टायर बुटांच्या तळाच्या रबरातून कापलेले आणि सांगाडा कुठल्याशा पत्र्याच्या कपाटाचा. एक ना धड भाराभर चिंध्या. मग वय कुणाचं धरायचं, ग्राइंडरचं की कपाटाचं? मी पुष्कळ विचार केला आहे आणि दर वेळी गोंधळ वाढलाच आहे.

माझं काम तेवढं नक्की सांगता येतं. मी रिमोटवर चालते, पण रस्त्यावर धावत नाही. मी खडक चढते, अगदी सावकाश, एकेक चाक चाचपत. माझ्यासारखीला रॉक क्रॉलर म्हणतात. घाई असलेल्या माणसाने माझ्या वाटेला जाऊ नये.

मला करायला घेतलं एका टर्नरने, म्हणजे लेथच्या यंत्रावर लोखंड कातणाऱ्या कारागिराने. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणते. तो दिवसा कारखान्यात असायचा आणि संध्याकाळी घरच्या लेथवर. लेथ तळमजल्यावर होता. त्याला लागूनच बहिणीचं बूट शिवायचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर दादा-वहिनीचं बिऱ्हाड. सुट्टीच्या दिवशी दादा बंद पडलेल्या दगडखाणीमागची टेकडी चढायला जायचा. आपल्यासोबत चढणारी एक गाडी असावी, असं त्याच्या मनात आलं. बाजारातले ॲक्सल त्याने हातात घेऊन पाहिले आणि खाली ठेवले. दोन दगडांत मोडतील, म्हणाला. ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा कणा. तो दादाने जाड नळी कापून, आत ग्राइंडरचे गिअर बसवून स्वतःच केला. हा माझा पुढचा ॲक्सल. कारखान्यातले लोक तो हातात फिरवून बघायचे आणि परत द्यायला मागायचे नाहीत. तेव्हा मला वाटायचं, माझं नशीब फळफळलं.

मग कारखान्यात एक लोखंडी ठोकळा दादाच्या डाव्या पायावर पडला. हाड जुळलं, पण पाऊल वाकडं राहिलं आणि पाय थोडा आखूड झाला. डॉक्टर म्हणाले की उंच तळाचा खास बूट घातला तर हा माणूस चांगला चालेल, टेकडीसुद्धा चढेल. आता घरातच बूट शिवणारी बहीण. काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण दादा पायाला हात लावू देईना. बहीण कागद-पेन्सिल घेऊन वर जायची आणि कागद कोराच घेऊन खाली यायची.

"एक बूट असा, एक तसा," तो तिला म्हणाला होता. "लोक माझ्याकडे नाही, पायाकडे बघतील. मला नको."

तो खिडकीपाशी बसून राहिला. लेथवर चादर पडली. मी लेथशेजारच्या व्हाइसच्या पकडीत अडकून होते, म्हणजे माझा पुढचा भाग होता. पुढे जायला मी तयार होते, पण मागे काहीच नव्हतं. मी आहे की नाही, हेही मला नीट कळत नव्हतं.

एका दुपारी बहिणीने चादर काढली. वहिनी पहाऱ्याला दाराशी उभी राहिली. लहानपणी दादानेच बहिणीला लेथवर हात धरून शिकवलं होतं, तेवढ्या भांडवलावर ती माझा मागचा ॲक्सल करायला निघाली. दादाला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं दोघींचं ठरलं. वहिनी वर सांगायची की शेजाऱ्यांनी काम काढलंय. पण ज्याचा जन्म लेथपुढे गेला, त्याला आवाज ओळखू येणार नाही का?

"टूलला आधी धार लाव," एके दिवशी वरून आवाज आला.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. खूप दिवसांत त्याने आपणहून काढलेले ते पहिले शब्द होते. बहिणीने धार लावली.

ॲक्सल झाला. मापात कुठे चूक नव्हती. पण मित्रांनो, तिने आयुष्यभर जोड्या केल्या होत्या. उजव्या बुटाला जिकडे वळण, डाव्याला त्याच्या उलट, आरशात दिसावं तसं. माझ्या ॲक्सलचीही तिने तशीच जोडी केली. पुढच्यातलं मोठं गिअर डाव्या बाजूला, म्हणून मागच्यातलंही तिने डाव्याच बाजूला घेतलं. समोरासमोर ठेवल्यावर दोन्ही आरशातल्यासारखे सुरेख जुळले. वरच्या अंगाला तिने बारीक ठिपक्यांची एक ओळही ठोकली, बुटांवर ठोकते तशी.

बॅटरी लावली, बटण दाबलं, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोंधळ सुरू झाला. माझी पुढची चाकं पुढे निघाली आणि मागची मागे. मी ताणले गेले, कण्हले, जागच्या जागी थरथरले. उलट बटण दाबलं तर पुढची मागे आली आणि मागची पुढे, मी मध्ये चेपले गेले. कुणाचं ऐकावं? दोन्ही माझीच चाकं, दोन्ही जीव तोडून खरं काम करत होती. हसावं की रडावं हे बहिणीलाही कळेना. तिने थोडं थोडं दोन्ही केलं. मग वहिनीने मला एका ताटात घातलं आणि सरळ वर नेलं.

दादाने रिमोट हातात घेतला. एकदा पुढे, एकदा मागे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की वहिनीला त्याच्यासाठी पाणी आणावं लागलं. मला वाईट वाटलं. या घरात माझी थट्टा होईल, असं मला वाटलं नव्हतं. वहिनी मात्र पाण्याचा पेला धरून डोळे पुसत होती. हसणाऱ्या माणसाकडे बघून कुणी रडतं का?

"जोडीच केली ना मी, दादा," बहीण म्हणाली. "डाव्यासारखा उजवा."

"इथे जोडी नको होती, वेडे," तो म्हणाला. "मागच्याचं मोठं गिअर उजवीकडे हवं, नाहीतर तो उलटा फिरतो. नट सोडवायचे पाने कुठे आहेत?"

पाने खाली होते. त्याने ते वर मागवले नाहीत. पायाला फडकं गुंडाळून, भिंत धरून, एकेक पायरी तो स्वतः उतरला. लेथपुढच्या स्टुलावर बसला आणि त्याने माझा मागचा ॲक्सल सोडवून पालथा केला. डावीकडचं मोठं गिअर उजवीकडे आलं. सांगाड्याला धरणारे त्याचे कान कापून नव्या जागी जोडले. आता बटण दाबताच माझी चारही चाकं एका दिशेने निघाली आणि मी टेबलावरची वीट चढून गेले. ठिपक्यांची ओळ मात्र खाली, पोटाकडे गेली.

बहीण म्हणाली की ती दुसरा करून देईल, हा विचित्र दिसतो आणि नक्षीही दगडांवर घासून जाईल.

"राहू दे," दादा म्हणाला. "दिसायला कशाला सारखे हवेत? चालतायत ना बरोबर." एवढं बोलून तो आपल्या पायाकडे बघत बसला.

पुढच्या सुट्टीला तिघं मला खाणीमागे घेऊन गेली. दादा पायथ्याशी दगडावर बसला आणि मी चढू लागले. काय सांगू, काय तो दिवस! माझा पुढचा ॲक्सल दगड पकडायचा आणि पालथा मागून रेटायचा. पण अर्ध्या चढावर एका खाचेत माझं चाक अडकलं. बॅटरी संपली. बहीण पदर खोचून निघालीच होती. तिला तेवढा चढ काहीच नव्हता.

"थांब," दादा म्हणाला. "गाडीला कुणी हात लावायचा नाही. मी आणीन."

"चपलेवर? कसा आणशील?" बहिणीने विचारलं.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्याने पायावरचं फडकं सोडलं आणि पाय पुढे केला. "माप घे," म्हणाला.

बहीण तिथेच मातीत गुडघ्यांवर बसली. टेप तिच्या पर्समध्ये होतीच. कागद नव्हता, म्हणून वहिनीने पिशवीतलं वर्तमानपत्र पसरलं. दोन्ही पावलं त्यावर ठेवून बहिणीने पेन्सिल फिरवली, डाव्याभोवती फार हळू. मी वरून सगळं बघत होते आणि मला काहीच समजत नव्हतं. मी इथे अडकलेली, आणि यांना मापं सुचतात? मग तिघं निघून गेली. एकानेही वळून पाहिलं नाही, असं नाही, दादाने पाहिलं. पण तो गेला.

मित्रांनो, ते दिवस कसे काढले ते विचारू नका. दव पडायचं. गिअरमध्ये धूळ गेली. एक सरडा येऊन माझ्या सांगाड्यावर ऊन खात बसायचा. मला टाकून दिलं, असं मी समजून चालले. मोडक्या ग्राइंडरने, जुन्या कपाटाने आधी जे भोगलं, तेच आता माझ्या वाट्याला आलं. गिअर कुणाचे, पत्रा कुणाचा, हा माझा जुना घोळ पुन्हा सुरू झाला.

आणि एका सकाळी खालून पावलं ऐकू आली. एक जड, एक हलकं. मध्ये बराच वेळ शांतता, मग पुन्हा एक जड, एक हलकं. माझ्या डोळ्यांसमोर दोन बूट येऊन थांबले. डाव्याचा तळ जाड, उजव्याचा पातळ. कुठल्याही दुकानात त्यांना कुणी जोडी म्हटलं नसतं. दोन्हींच्या कडेला बारीक ठिपक्यांची एक ओळ होती. ती ओळ मी ओळखली. तीच माझ्या पोटाखाली आहे, थोडी घासलेली.

दादा धापा टाकत होता. त्याने मला खाचेतून सोडवलं, फुंकर मारून गिअरमधली धूळ उडवली, आणि मग खाली नेण्याऐवजी काखेत धरून तो वरच निघाला.

आता मी लेथजवळच्या फळीवर असते. मला अजून पुष्कळ गोष्टी कळलेल्या नाहीत. माझा चुकलेला ॲक्सल चांगला की बरोबर असलेला, हे तर मुळीच नाही. तुम्हाला मात्र एकच विनंती करते. आपली एखादी वस्तू कुठे अडकून राहिली असेल, तर ती घ्यायला स्वतः जा. उशीर झाला तरी चालेल. ती वाट बघत असते, आणि पावलांचा आवाज तिला लांबूनच ओळखू येतो.