श्रीपट्टा थांबत नाही

नेरच्या सदाशिवरावांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमचं नाव 'श्री'नं सुरू होई. रुई गोदामात नेणारा पट्टा चालवायचा तो श्रीपट्टा, आगीवर पाणी सोडायचा तो श्रीपंप. श्रीशिवाय सुरू केलेलं काम तडीस जात नाही, असं सदाशिवरावांचं मत होतं, आणि जिनिंग त्यांचंच असल्यामुळे ते सगळ्यांना पटलं होतं.

दुपारी दोनला पट्ट्यावरच्या रुईत ठिणगी पडली. श्रीपंपानं फवारे सोडले. श्रीपट्टा प्रोग्रॅम मात्र अडकला, पट्टा थांबेना. फवाऱ्यांतून निसटलेला एक धुमसता ढीग गोदामाकडे निघाला. गोदामात हंगामाची सगळी रुई. पट्टा थांबवायला लाल बटण होतं, पण दसऱ्याला देवीचा फोटो ठोकताना खिळा त्यातूनच गेला होता.

"मेन स्विच पाडू काय?" बळीराम फिटर ओरडला.

"नको! पंपबी जाईन!" कॉम्प्युटरवर बसलेली दिपाली किंचाळली.

"मंग संध्याकाळी सगळं बंद करते ते तुही स्क्रिप्ट चालव ना," सदाशिवराव म्हणाले.

"भाऊ, ते दिसन तो श्री बंद करते. पंपासकट. नवी लिवून राह्यली, फक्त श्रीपट्ट्यासाठी."

चार ओळी. हे नाव शोध. सापडेल त्याला थांब म्हण. पाच सेकंद वाट पाहा. नाही ऐकलं तर जबरदस्तीनं बंद कर.

फाईलला नाव द्यायची वेळ आली. सदाशिवराव खांद्यावरून वाकले.

"अगोदर श्री लाव."

"भाऊ, आग लागली ना वो!"

"म्हणूनच म्हणतो."

वादापेक्षा टाईप करणं लवकर होत होतं. 'श्रीपट्टाबंद'. दिपालीनं एंटर दाबलं. स्क्रिप्ट संपली. पट्टा चालूच.

"काहून नाही थांबला?" सदाशिवरावांनी विचारलं.

दिपालीनं यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. स्क्रिप्टनं 'श्रीपट्टा' शोधलं, तर दोन सापडले: एक पट्टा, एक ती स्क्रिप्ट स्वतः, 'श्रीपट्टाबंद'. दोघांनाही तिनं थांब म्हटलं. अडकलेल्यानं ऐकलं नाही. स्क्रिप्ट आज्ञाधारक, ती थांबली. जबरदस्ती करायला कोणी उरलं नाही.

ढीग गोदामाच्या दारापासून दहा हातांवर. बळीरामनं ढीग ओढायला दाताळं घातलं, तशा ठिणग्या उडाल्या.

"राहू दे, बळीरामभाऊ, उडते! पाइप आण!" दिपाली ओरडली, आणि मग हळूच म्हणाली, "भाऊ, नावातलं श्रीपट्टा काढा लागते. श्रीसकट."

सदाशिवरावांनी ढिगाकडे पाहिलं. सहा हात.

"भाऊ!"

"काढ," ते म्हणाले. "मी तिकडं पायतो." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

'बंद'. नुसतं बंद. एंटर.

एक. दोन. ढिगानं दारासमोर ज्वाळ धरली. तीन. बळीराम पाइप ओढत होता, तो कशात तरी अडकला. चार. पाच.

पट्टा हिसका देऊन थांबला. ढीग दारापासून हातभर. बळीरामनं पाइप सोडवला आणि पाण्याचा लोट त्यावर धरला. धूर, मग वाफ, मग नुसता काळा चिखल.

"थांबला?" सदाशिवरावांनी भिंतीलाच विचारलं.

"थांबला."

"अन् पंप?"

"चालू हाय."

तेव्हा कुठे ते वळले.