वाकडं जुळलेलं हाड

ही १९७१ सालची गोष्ट. त्या वर्षी जपानातल्या अकिताच्या डोंगरातला बर्फ मे अर्धा सरला तरी हलला नव्हता. भाताची लावणी दहा दिवस मागं पडली होती आणि माणसं चिडचिडी झाली होती. लावणीचं यंत्र तेव्हा दरीत कुणी पाहिलं नव्हतं. आज या घराचं शेत, उद्या त्या घराचं, अशी अकरा घरांची सावड होती. प्रत्येक घरानं दोन माणसं द्यायची आणि त्या माणसांनी अंग राखायचं नाही, एवढाच नियम.

त्या दिवशी लावणी हात्सुए म्हातारीच्या शेतात होती. सावड तिच्याच शब्दावर चाले. बायका-पुरुष एका रांगेत वाकून, उलट्या पावलांनी मागं सरत रोपं टोचत होते. रांगेत एक माणूस रेंगाळला की तेवढ्या जागी रांगेला पोट येतं. आज ते पोट कुमाकिचीपाशी आलं होतं. पाच-सात रोपं टोचली की तो गुडघ्यांवर हात टेकून थांबे आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडी. त्याची बायको त्सुने शेजारीच होती. आपला पट्टा लावता लावता ती आडवा हात टाकून त्याचाही पट्टा भरून काढत होती, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं.

हात्सुएच्या लक्षात आलं.

"त्सुने, तुला चार हात फुटलेत काय गं?"

"न्हाई आत्या. त्येंचा पाय रुतला."

"सकाळपासनं रुततोयच की. बोगद्यात राहून चिखलाची सवय मोडली वाटतं."

बायका हसल्या. तेवढ्यात तोराझो रोपांच्या जुड्यांची कावड घेऊन बांधावर आला. दारासारख्या रुंद छातीचा चाळिशीतला गडी. गावातले सगळे पुरुष हिवाळ्यात दूर बोगदे खणायला जात. आंधळ्या आईपायी तोराझो तेवढा मागं राही. काही वर्षांपूर्वी हात्सुएच्याच छपरावरचा बर्फ लोटताना तो खाली पडला होता. गळ्याखालचं डावं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. तिथं आता सुपारीएवढा उंचवटा होता, आणि कावड त्याला अडकून बसे.

"तोराझो, त्या खुंटीला माझा डबाबी टांग की," एक बाई म्हणाली.

"टांगतो. पण रिकामा परत मिळंल," तो म्हणाला.

सगळे हसले. हात्सुए हसली नाही. ती कुमाकिचीकडंच बघत होती.

"मी सरळ बोलते," ती त्सुनेला म्हणाली. "येक तर तुझा नवरा अंगचोर हाय, न्हाईतर त्याला क्षय हाय. अंगचोर असंल तर सावडीत नको, क्षय असंल तर आमच्या भांड्यात नको. माझा इवाओबी बोगद्यातच जातो, त्याला बरं काय होत न्हाई. डॉक्टरचा कागद आण, न्हाईतर पुढल्या साली तुझं शेत तू बघ."

दुपारी सगळ्यांना चहा मिळाला. कुमाकिचीला तो कोपरा फुटलेल्या एका जुन्या वाटीत मिळाला, आणि ती वाटी नंतर कुणी उचलली नाही.

सावडीतून नाव गेलं की शेत गेलंच म्हणायचं. पाण्याची पाळी चार दिवसांची. एकट्या बाईनं त्यात सात वाफे कसे लावायचे? दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं त्सुनेनं नवऱ्याला शहराच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टर तरुण होता, पण सावकाश बोलणारा.

"हिवाळ्यात काय करता?"

"बोगद्यात दगडाला भोकं पाडतो. मशीननं," कुमाकिची म्हणाला. "अकरा हिवाळे झाले."

"फुफ्फुसात दगडाची धूळ बसलीय. क्षय नाही. हे कुणाला लागत नाही. बरंही होत नाही."

"तेवढं लिहून द्या," त्सुने म्हणाली. "कामामुळं झालं, म्हणून. कचेरीत भरपाई मागता येईल."

डॉक्टरनं उजेडाच्या काचेवर तीन जुने फोटो लावले. दर ऑक्टोबरात शाळेच्या पटांगणात छातीचे फोटो काढणारी गाडी येई. ती याच इस्पितळाची होती. "हे तुमच्या यजमानांचे, गेल्या तीन वर्षांचे. तिन्ही स्वच्छ. ऑक्टोबरात स्वच्छ आणि मेमध्ये ही दशा, असं होत नसतं. कामगार कचेरी म्हणणार, यातलं काहीतरी खोटं आहे." मग तो काचेवर वाकला. "हे गळ्याखालचं हाड केव्हा मोडलं होतं?"

त्सुने म्हणणार होती, यांचं कुठलंच हाड कधी मोडलं नाही. पण फोटोतलं ते वाकडं हाड तिनं ओळखलं आणि ती नवऱ्याकडं वळली. डॉक्टरनं कुमाकिचीच्या गळ्याखाली दोन बोटं फिरवली. हाड काठीसारखं सरळ होतं. कुमाकिची आपल्या टोपीकडं बघत राहिला.

"ज्याचं हाड आहे, त्याला घेऊन या," डॉक्टर म्हणाला. "तोवर मी काही लिहीत नाही."

परतीच्या बसमध्ये त्सुने खिडकीशी बसली. तीन वर्षं, फोटोची गाडी येऊन गेली की, कुमाकिची घरातली दारूची मोठी बाटली उचलून तोराझोकडं जाई. एरवी दोघं कधी एकत्र पीत नसत. त्सुनेनं मनात धरलं होतं की बोगद्याच्या वस्तीवर कुणी बाई असणार आणि तोराझो मधला निरोप्या असणार. तीन वर्षं तिनं नवऱ्याचे कपडे हुंगले होते. आता तिला वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं.

"मुकादमाला साफ फोटो लागतो," कुमाकिची आपणहून म्हणाला. "डाग दिसला की घरी बसवतो. तोराझो शर्ट बदलून दुसऱ्यांच्या नावानं तीनदा रांगेत उभा ऱ्हायचा."

"तीनदा?"

"येक मी. येक आपल्या सावडीतला शिनपेई."

"आन तिसरा?"

तो बराच वेळ खोकला. "इवाओ."

हात्सुएचा एकुलता एक मुलगा.

तोराझो रानात अळंबी पिकवायचे ओंडके रचत होता. त्सुनेनं डॉक्टरचं म्हणणं सांगितलं तसा त्याच्या हातातला ओंडका खाली आला.

"मला आत टाकतील, वैनी. आईला घास कोण भरवील?"

"मी भरवीन."

"भरवाल. पण गाव काय म्हणंल? बाटलीपायी तिघांची छाती फोडली, म्हणंल." तो ओंडक्यावर बसला. "बर्फ पडला की गडी सगळे जातात, मी बायकांत ऱ्हातो. मला वाटायचं, तेवढीच आपली छाती कुणाच्या कामाला आली. डाग दिसला असता तर घरी तरी बसले असते, हे ध्यानातच आलं न्हाई बघा."

"मग चला."

"हात्सुए आत्या हो म्हणली तर येतो. इवाओचं नाव मी तिच्या माघारी कसं घेऊ?"

हात्सुएनं सगळं ऐकून घेतलं आणि थुंकली. "नवरा गोत्यात आला म्हणून माझ्या पोराला त्याच्या पंगतीला बसवतीस? इवाओला सर्दी हाय. तोराझोचं हाड तू फोटोत ओळखतीस, मोठी डॉक्टरीण झालीस."

"मी काय म्हणत न्हाई, आत्या. परवा माझ्या शेतात लावणी हाय. तुमी फकस्त बांधावर बसा आन वरनं बघा. त्याउपर काढा माझं नाव."

पन्नास वर्षं हात्सुए रांगेत वाकलेली होती. स्वतःच्या पायापुढचा चिखल सोडून लावणी कशी दिसते, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ठरल्या दिवशी ती बांधावर बसली, तीही त्सुनेचं खोटं पकडायला म्हणून.

कुमाकिची एका टोकाला होता, शिनपेई मधे, इवाओ पलीकडच्या टोकाला. रांग मागं सरू लागली. अर्धा वाफा झाला तेव्हा रांगेला तीन जागी पोटं आली होती. आणि इवाओच्या शेजारी त्याची बायको आडवा हात टाकून त्याचा पट्टा भरत होती, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं.

हात्सुए तिथंच बसून राहिली. चहाची वेळ झाली. तिनं कुमाकिचीसाठी वेगळी ठेवलेली ती कोपरा फुटलेली वाटी उचलली, तिच्यात चहा ओतला आणि सगळ्यांदेखत स्वतः प्यायली. मग म्हणाली, "तोराझो, उद्याची पहिली बस किती वाजता?"

"साडेसहाला."

"मी बी येते."

डॉक्टरपुढं तोराझोनं शर्ट काढला, तेव्हा त्या थंड खोलीत हात्सुएनं तो शर्ट हातात धरला होता. नवा फोटो जुन्यांशेजारी लागला. तीन वर्षं, तीन नावं आणि एकच वाकडं हाड. डॉक्टरनं तिघांची नावं लिहिली.

भरपाई मंजूर करायला कचेरीनं दोन वर्षं घेतली. शिनपेई कागद यायच्या आधीच गेला. तोराझोला कुणी आत टाकलं नाही. त्याचा जबाब घेतला, रागे भरले आणि सोडून दिलं. इवाओ बेचाळिसाव्या वर्षी वारला. हात्सुए त्याच्यामागं सहा वर्षं जगली, आणि प्रत्येक लावणीला बांधावर बसून राहिली; पुन्हा कधी कुणाला अंगचोर म्हणाली नाही. कुमाकिची सगळ्यांत जास्त टिकला, शेवटची तीन वर्षं उशांना टेकून बसल्या बसल्या झोपत. सावडीच्या यादीत त्सुनेचं घर शेवटपर्यंत होतं. तिच्या घरचा दुसरा माणूस म्हणून तोराझो उभा राही. शिनपेईच्या घरचाही तोच, इवाओच्या घरचाही तोच. तिघांचे पट्टे तो एकटा लावी. कुणी त्याला सांगितलं नव्हतं आणि कुणी नकोही म्हटलं नाही. यंत्रं आली तरी यंत्र न पोचणारे कोपरे तो हातानं लावायचा.

तोराझो ऐंशी वर्षांचा होऊन गेला. लग्न केलं नव्हतं, पोरबाळ नव्हतं. दहनानंतर अस्थी वेचायला त्सुने आणि इवाओची बायको गेल्या. आपल्याकडं एकेक हाड दोघांनी मिळून लांब काड्यांनी उचलायचं असतं. राखेत त्यांना ते हाड शोधावं लागलं नाही. दोघींनी ते दोन बाजूंनी धरलं, आणि पडू दिलं नाही.