ताऱ्याला झाकणारी काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. कोटाच्या बटणाएवढी, आणि मधोमध एक काळा ठिपका. त्या ठिपक्यासाठीच मला घडवलं. नव्याने जन्मलेल्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. त्या धुळीतूनच पुढे ग्रह घडतात, पण ताऱ्याच्या झगमगाटापुढे ती दिसत नाही. म्हणून मला दुर्बिणीत बसवून माझा ठिपका बरोबर ताऱ्यावर आणत. तारा झाकला की तबकडी दिसू लागे. लोक आयुष्यात काही ना काही उजेड पाडतात. माझं काम तो अडवण्याचं.

दुर्बिणीची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणत. ते मला मऊ कापडाने, श्वास रोखून पुसत. एकदा मात्र घाईत त्यांनी मला सदऱ्याच्या टोकाने पुसलं, आणि ठिपक्याच्या कडेला बारीक ओरखडा पडला. मामांनी मला खिडकीपाशी धरून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मला गुपचूप जागेवर बसवलं. मी तरी कुणाला सांगणार?

पुढच्याच महिन्यात एक संशोधक बाई आल्या. त्यांच्या छायाचित्रात तबकडीला एक काळी फट दिसली. तिथली धूळ गोळा करत एखादा ग्रह घडत असला, तर अशी फट पडते. बाई हरखून गेल्या. वडिलांना फोनवर म्हणाल्या, "बाबा, ग्रह सापडलाय बहुतेक. अजून जन्माला येतोय." बाबांनी म्हणे सगळ्या आळीला सांगितलं. बाईंनी त्या फटीवर सहा वर्षं घालवली. माझंही कौतुक झालं, भिंतीवर माझा फोटो लागला. ते कौतुक मला कधीच गोड लागलं नाही.

सातव्या वर्षी त्यांनी दुसरा तारा पाहिला. त्याच्या तबकडीलाही नेमकी तिथेच फट. बाईंनी दोन्ही छायाचित्रं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाल्या, "मामा, काच जरा पाव फेरी फिरवून द्या."

मामांनी मला फिरवलं. छायाचित्रातली फटही पाव फेरी फिरली.

मामा दाराशीच उभे होते. "ताई, तो ओरखडा माझ्या हातचा आहे. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

"त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर नवी काच मागवली असती," बाई म्हणाल्या. "एवढंच झालं असतं."

मला काढून टेबलावर ठेवलं होतं. बाईंनी माझ्यासमोरच चुकीची कबुली देणारं पत्र लिहिलं आणि मग वडिलांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "बोल गं. केवढा झाला आपला ग्रह?"

"बाबा, ग्रह नव्हताच तो," बाई म्हणाल्या. "काचेवरचा ओरखडा होता."

मित्रांनो, आता मी कापसात गुंडाळलेली, एका खणात पडून आहे. मामांचा हात घसरला, त्याचा मला राग नाही. हात कुणाचाही घसरतो. पण ओरखडा पडला तर त्याच दिवशी सांगत जा. माझ्यावरचा ओरखडा केसाएवढा आहे. त्या म्हाताऱ्या बाबांचा मात्र सहा वर्षं वाढवलेला ग्रह एका फोनमध्ये गेला.